मुकादमाचा शेजार

नवरा : लाइटवालाच फिल्टर दे, पोरी. निळ्या लाइटखालून पाणी गेलं की जंतू खलास.

दुकानवाली : थांबा काका. टाकी केवढी म्हणालात?

नवरा : चारशे लिटर. हॉलची अर्धी भिंत.

बायको : पाऊण. माझं शिलाई मशीन जिन्याखाली गेलं.

दुकानवाली : आणि मासे?

नवरा : होते अकरा.

बायको : आता एक. मुकादम. हा गेला ना, तर टाकी घराबाहेर, सांगून ठेवलंय मी ह्यांना. आता आणखी मासे पुरायला कुंडी उरली नाही माझ्याकडे.

दुकानवाली : मुकादम?

बायको : सोनेरी आहे गं. पोट पुढे काढून सगळ्यांवर देखरेख करत फिरायचा. आता हाताखाली कोणी नाही, तरी फिरतो बिचारा.

दुकानवाली : फिल्टर धुता कधी?

नवरा : दर रविवारी. स्पंज नळाखाली धरायचा आणि पांढराशुभ्र होईपर्यंत पिळायचा. हा बघ, मापाला आणलाय. दहा महिने वापरलाय, वाटतो का?

दुकानवाली : नाही वाटत. काका, एक बोलू? रागावणार नाही ना?

नवरा : बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलीत, फिल्टर हाऊसला. लोकांच्या शिव्या खाऊन कातडी जाड झालीय. बोल.

दुकानवाली : तुमचे मासे ह्या स्पंजापायी गेले.

नवरा : काही दोष आहे त्यात?

दुकानवाली : दोष नाही, तो फार स्वच्छ आहे. मासा जिथे खातो तिथेच घाण करतो, आणि ती घाण त्यालाच विष होते. ते विष खाऊन टाकणारे जंतू स्पंजात राहतात. दर रविवारी क्लोरीनचं पाणी सोडून तुम्ही त्यांचं घरदार धुऊन काढलंत.

नवरा : म्हणजे जंतू हवेत?

दुकानवाली : हवेतच.

नवरा : पोरी, बत्तीस वर्षं मी जंतू मारायचा पगार घेतला.

दुकानवाली : म्हणून तर आम्ही धडधाकट आहोत. पण माणसांचं पाणी वेगळं, माशांचं वेगळं. लाइटवाला राहू दे, हा डब्याचा घ्या. टाकीखालच्या कपाटात बसतो. आत ह्या मातीच्या रिंगा घालायच्या, त्यांत जंतू वस्ती करतात.

नवरा : किती दिवसांत?

दुकानवाली : महिना-दीड महिना. तोवर मासा सोडायचा नाही. हां, मुरलेला, न धुतलेला स्पंज कुठे मिळाला तर आत ठेवून द्या. विरजणासारखं काम करतो, लवकर लागतं.

नवरा : आमच्या घरात न धुतलेली वस्तू? ही नळसुद्धा घासते.

बायको : आहे.

नवरा : काय आहे?

बायको : स्पंज. मुकादमाला स्वयंपाकघरातल्या छोट्या टाकीत ठेवलंय ना, तिथला. तीन महिने हात लावलेला नाही.

नवरा : तू? विसळलेला कप पुन्हा विसळणारी तू?

बायको : किळस यायची हो. पण तुम्ही रविवारी धुवायचात आणि मंगळवारी मासा उलटा व्हायचा. एकदा झालं, दोनदा झालं. शास्त्र नाही कळत मला, वार कळतात.

नवरा : मग बोलली का नाहीस?

बायको : काय बोलू? अख्ख्या गावाला पाणी पाजलेल्या माणसाला म्हणू, तुम्हाला पाणी कळत नाही? रिटायर होऊन वर्ष झालं नव्हतं तुम्हाला. सोमवारपासून रविवारची वाट बघायचात. माझ्या जिवावर आलं. म्हणून मुकादमाला तेवढं तुमच्या हातून काढून घेतलं.

(नवरा पांढरा स्पंज हळूच खिशात घालतो.)

दुकानवाली : काका, मग डब्याचा बांधू?

नवरा : बांध. आणि धुवायचं कसं ते हिला समजावून सांग. प्लांटचा चार्ज आजपासून हिच्याकडे.

दुकानवाली : सोपं आहे काकू. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं, त्यात दोनदा बुचकळायचं. नळाखाली न्यायचं नाही.

बायको : आणि हे काय करतील?

नवरा : बादली उचलीन. हेल्परची जागा रिकामी असली तर.

बायको : आहे. रविवारची. काय गं, तो कोपऱ्यातला पोट सुटलेला मासा कोणी सांगून ठेवलाय का?

दुकानवाली : नाही काकू.

बायको : मग टाकी मुरेपर्यंत सांभाळ आमच्यासाठी. मुकादमाला हाताखाली कोणीतरी लागेल.