सोपानाचा दम
हसू नका, पण आमच्या भोरात एकदा आंतरराष्ट्रीय कबड्डी झाली. बांगलादेशचे पाहुणे खेळायला आले होते. सामना बरोबरीत, शेवटची चढाई आमच्या हिर्डोशीच्या सोपानाची. पठ्ठ्या दोघांना शिवून 'कबड्डी कबड्डी' करत मागं फिरला, तेवढ्यात रेघेपाशी बसलेल्या त्याच्या सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, कवा आला?"

सोपाना तिथंच थांबला. "सकाळच्या एष्टीनं, मामा."

दम तुटला, सामना गेला.

"आरं, गप पळायचं की!" मी वरडलो.

"सासऱ्यांनी इचारल्यावर बोलायचं न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याशीच गाठ. सोपाना चढाईला गेला. पाहुण्यांच्या कप्तानानं हात जोडले. "जाबाईबापू, कबा आला?"

आन् ह्या येड्यानं त्यालाबी सांगितलं, "सकाळच्या एष्टीनं, पाव्हनं!"