ड्रमच्या आडचा आवाज

आयसिल्डा : नाही म्हणू नका, मिस्टर लॅसेल्स. शनिवारी व्हर्नलला माती द्यायची. चर्चमध्ये त्याचं गाणं एकदा वाजलं की झालं. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून चौदा वर्षं नुसता कुजबुजायचा. फोनमध्ये नातवंडांचे नाच आहेत ढीगभर, नवऱ्याचा आवाज नाही.

लॅसेल्स : बसा आधी, मिस आयसिल्डा. पुदिन्याचा चहा टाकलाय.

आयसिल्डा : चहाला नाही आले. लग्नाआधी इथे, तुमच्या स्टुडिओत गायला होता ना तो? ती टेप काढा.

लॅसेल्स : टेप आहे. त्यावर व्हर्नल नाही.

आयसिल्डा : म्हणजे?

लॅसेल्स : मी पुसला त्याला. तेव्हा टेप मिळायची मारामार. एकदा ताल वाजवून घेतला की त्याच्यावर चार-चार जणांना गायला लावायचो. व्हर्नलच्या जागी ग्लेनफोर्डला उभं केलं. गाणं रचलं व्हर्नलनं, गाजला ग्लेनफोर्ड. आणि मी.

आयसिल्डा : ते ठाऊक आहे मला. कुणाच्या लग्नात ते लागलं की हा सगळ्यांना सांगत सुटायचा, माझं आहे, माझं आहे. कोण ऐकतंय?

लॅसेल्स : मला शिव्या घालत असेल.

आयसिल्डा : घालायचा की. मग उठून नाचायचा. म्हणायचा, लॅसेल्सनं आत घेतलं नसतं तर हे गाणं माझ्या बसमध्येच राहिलं असतं. किंग्स्टन ते स्पॅनिश टाउन, खेपा घालत.

लॅसेल्स : असं म्हणायचा? अहो, त्या एका रेकॉर्डवर हा स्टुडिओ उभा राहिला. आणि मी त्याचं साधं नाव छापलं नाही. त्याला तोंड दाखवायची लाज वाटायची मला.

आयसिल्डा : जाऊ द्या. मग चर्चमधली रविवारचीच गाणी म्हणू आम्ही. येते.

लॅसेल्स : थांबा जरा. एकट्यानं गायला तो घाबरायचा, ठाऊक आहे? ड्रमवाल्याला खेटून उभा राहायचा. मी इथून ओरडायचो, लांब हो रे, ड्रमच्या माइकात शिरतोयस.

आयसिल्डा : मग?

लॅसेल्स : मी त्याच्या माइकातला आवाज पुसला. ड्रमचा नाही.

(तो टेप लावतो. बास, गिटार, ऑर्गन, ग्लेनफोर्ड, एकेक करून बंद करतो. नुसता ड्रम उरतो.)

आयसिल्डा : काही येत नाही ऐकू.

लॅसेल्स : ठोक्यांच्या मधे ऐका.

आयसिल्डा : अगं बाई. हाच तो. वर चढायला गेला की घसरतोच गडी. न्हाणीघरात गातानासुद्धा इथेच घसरायचा. देवा, तुझे उपकार. तुमचेही, मिस्टर लॅसेल्स.

लॅसेल्स : माझे कसले? त्याचे माझ्यावर आहेत. थांबा, आता नवी यंत्रं आलीत. ड्रम काढून टाकतो, आवाज मोठा करून देतो.

आयसिल्डा : नको. असंच राहू दे. त्याचा आवाज ऐकायचा असेल तर लोक गप्प बसतील.