खाटेवरच्या काकांचा सपोर्ट संपला

...नाही, तुम्हीच सांगा, छप्पन्न वर्षांचा धडधाकट माणूस, कापसाचे गठ्ठे आणि सुयांची खोकी मोजण्यात ज्याची सगळी नोकरी गेली, त्याला पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून खाटेवर आडवा पाडायचा, बेचाळीस मुलींनी एकीमागून एक त्याचा दंड आवळायचा, आणि हे सगळं झाल्यावर मॅडमनी त्यालाच विचारायचं, "काय हो, तुम्ही मध्येच श्वास घेतलात का?" घेतला! घेतला मी श्वास! जिवंत आहे ना मी! तुम्हाला सांगतो, माझा यात काडीचा संबंध नाही. मी नुसता आवाज दिला होता!

तर झालं असं. आमचं नर्सिंग कॉलेज, आणि मी तिथला स्टोअरकीपर. चौदा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आलं. कॉम्प्युटरवर एक वॉर्ड दिसायचा, वॉर्डात एक खाट, खाटेवर एक टकले काका. मुलींनी माऊसने काकांचं टेंपरेचर घ्यायचं, बीपी मोजायचं, इंजेक्शन द्यायचं. चुकलं की काका ओरडायचे. आता ओरडायला आवाज पाहिजे की नको? कंपनीची माणसं माईक घेऊन आली, पण पेशंट कोणी मिळेना, खरे पेशंट म्हणे नीट कण्हत नाहीत! तेवढ्यात मी कापसाचं खोकं घेऊन दारात, खोकं पडलं पायावर, आणि मी म्हणालो, "आई गं! हळू!" झालं. ती माणसं एकमेकांकडे बघून हसली, मला खुर्चीत बसवलं आणि सहा वाक्यं म्हणवून घेतली. "आई गं, हळू." "पाणी द्या." "डावा पाय दुखतो." "चक्कर येते." "बरं वाटतंय आता." "थँक्यू, सिस्टर." संपलं! अर्ध्या तासाचं काम.

आणि तिथून पुढे चौदा वर्षं मी कॉरिडॉरमधून चाललो की कोणत्या तरी खोलीतून माझाच आवाज यायचा... "आई गं, हळू!" नवीन मुली स्टोअरमध्ये हातमोजे घ्यायला यायच्या, मी म्हणायचो, "सही करा," आणि त्या दचकायच्या. "अय्या, हे तर खाटेवरचे काका!" अगं बाई, मी खाटेवर नाही, खुर्चीवर आहे, मी नुसता आवाज दिला होता!

बरं, हे चाललं होतं ते उत्तम चाललं होतं. पण ते सॉफ्टवेअर चालायचं कुठल्याशा प्लगिनवर. म्हणजे काय ते मला विचारू नका, मी कॉम्प्युटरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "काका, ब्राउझरमध्ये चित्रं हलवणारी ती एक जोडणी असते." आणि त्या जोडणीचा सपोर्ट म्हणे एकतीस डिसेंबरला संपणार. जगभर! एका तारखेला! तीन वर्षं आधी पत्र आलं होतं हो. प्रॅक्टिकल घेणाऱ्या आमच्या मॅडमनी ते वाचलं, "नोंद घेतली" असं लिहिलं आणि फाईलला लावायला माझ्याकडे पाठवलं. मी लावलं. माझं काम मी चोख केलं. फाईल आजही तिसऱ्या रॅकवर आहे, येऊन बघा.

जानेवारीत परीक्षा. दोन आठवड्यांवर. मॅडमनी कॉम्प्युटर लावला तर काकांच्या जागी करडा चौकोन. खाट नाही, पायजमा नाही, काही नाही. खाली एक ओळ... "हे प्लगिन आता सपोर्ट केले जात नाही." मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं, त्याने इकडे टिचकी मारली, तिकडे टिचकी मारली, आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखी मान हलवली. "गेलं, मॅडम." "अरे गेलं म्हणजे? परत आण!" "नाही येत, मॅडम. बनवणाऱ्यांनीच हात वर केलेत." "कंपनीला फोन कर!" "कंपनी आता टाइल्स विकते, मॅडम."

तेवढ्यात मला अवदसा आठवली आणि मी दारात उभा राहून म्हणालो, "मॅडम, हातमोज्यांवर सही हवी होती." मॅडमनी वर बघितलं. तुम्हाला सांगतो, त्या नजरेने मला बघायला नको होतं. "आवाज तर तुमचाच आहे ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, मी नुसता आवाज दिला होता." "मग आता बाकीचं द्या."

आता मी नाही म्हणू शकलो असतो. पण माझी भाची! माझ्या बहिणीची मुलगी, आमच्याकडेच राहते, त्याच वर्गात शिकते, आणि दोनदा प्रॅक्टिकलमध्ये नापास झालेली. आमच्याकडे तीनदाच बसता येतं, तिसऱ्यांदा गेली की नाव कमी, घरी बसा. परीक्षा झाली नाही तर ती लटकली, आणि झाली नि नापास झाली तर संपलीच. बहीण रोज फोन करते, "दादा, काही तरी कर रे तिचं." काय करू? पोर हुशार आहे हो! पण पहिल्यांदा का नापास झाली माहितीये? इंजेक्शन दिल्यावर कॉम्प्युटरमधले काका म्हणाले, "बरं वाटतंय आता." हिने पेपरात लिहिलं, "पेशंट बरं वाटतंय म्हणतो, पण चेहऱ्यावर तसं दिसत नाही." शून्य! दुसऱ्यांदा हिने काकांना विचारलं, "जेवलात का?" त्याला बटणच नव्हतं! ही वाट बघत बसली. काका कसले बोलतायत? वेळ संपली. मी घरी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अगं, मी जेवलो होतो! मला विचारायचंस!" तर म्हणते, "मामा, पण ते तुम्ही नव्हतात ना."

तर परीक्षेचा दिवस. नऊ वाजता मी खाटेवर. मॅडमनी छातीवर कागद ठेवला, माझी सहा वाक्यं क्रमाने. पहिली मुलगी आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ माझ्या कोपराच्या खळगीत बोटाने दोनदा टकटक. म्हटलं, काय हवंय? ती घाबरली. कॉम्प्युटरवर तिथे निळा ठिपका असायचा, दाबला की पट्टा आपोआप बांधला जायचा. दुसरीने थर्मामीटर लावला आणि बसून राहिली. दोन मिनिटं, चार मिनिटं... मी म्हटलं, "अगं काढ की!" "काका, टिंग वाजलं नाही." शेवटी मीच म्हणालो, "टिंग." मग काढला! एकीचं काही तरी चुकलं, तर तिने माझ्या कपाळाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं. का? तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला!

आणि बीपी! पट्टा बांधायच्या, फुगा फुसफुसवायच्या, स्टेथोस्कोप कानात घालायच्या आणि लिहायच्या... एकशे तीस-ऐंशी. दुसरी, एकशे तीस-ऐंशी. तिसरीने तर स्टेथोस्कोप गळ्यातच ठेवला होता, तरी एकशे तीस-ऐंशी! कारण कॉम्प्युटरमधल्या काकांचं चौदा वर्षं एकशे तीस-ऐंशीच होतं. पोरींना ते स्वतःच्या वाढदिवसासारखं पाठ!

सतरावी माझी भाची. आली, मला म्हणाली, "नमस्कार, मी तुमचं बीपी मोजणार आहे, हात सैल सोडा." तुम्हाला सांगतो, त्या दिवशी माझ्याशी माणसासारखी बोललेली ती पहिली. तिने पट्टा बांधला. ऐकलं. भुवया वर. हवा सोडली, थांबली, पुन्हा बांधला, पुन्हा ऐकलं. आणि लिहिलं काय? एकशे ऐंशी-एकशे दहा! मी ओठ न हलवता म्हणालो, "अगं, एकशे तीस-ऐंशी लिही!" ती म्हणाली, "मामा, मला एकशे ऐंशी ऐकू आलं." "सगळ्यांना एकशे तीस ऐकू आलं!" "त्यांनी ऐकलं नाही." मॅडम पलीकडून ओरडल्या, "पेशंटने कागदाबाहेरचं बोलायचं नाही!" मी म्हणालो, "आई गं, हळू."

निकाल लगेच. एक्केचाळीस पास, एक नापास. माझी भाची घरी आली, रडली नाही, जेवली नाही, नुसतं म्हणाली, "मामा, उद्या डॉक्टरांकडे चला." मला राग आला हो! म्हटलं, तुझं नाव कमी होतंय आणि तुला माझं पडलंय? पण गेलो. डॉक्टरांनी मोजलं. एकशे ब्याऐंशी-एकशे दहा! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. डॉक्टर म्हणाले, "कोणी पकडलं हे? वेळेवर पकडलं." खोटं कशाला सांगू, मला तिथेच भरून आलं. बेचाळीस जणींनी माझा दंड आवळला, आणि मी आजारी आहे हे एकीलाच कळलं.

मी तो डॉक्टरांचा कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तो तीनदा वाचला. परीक्षा रद्द! भाचीची तिसरी खेप धरली नाही, पुन्हा बसायला मिळालं. आमच्या घरी आनंदीआनंद. फक्त माझं मीठ बंद झालं आणि सकाळी एक गोळी सुरू झाली. ती गोळी कोण देणार? भाची! पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी, गिळेपर्यंत हलत नाही.

पाच आठवड्यांनी फेरपरीक्षा. पुन्हा पायजमा, पुन्हा खाट. मॅडमनी या वेळी सीलबंद पाकिटातली उत्तरसूची सुधारली. "या वेळी खरा आकडा घातलाय," म्हणाल्या, "एकशे ऐंशी-एकशे दहा." आणि हे गुपित वर्गात किती वेळ राहणार? पहिली मुलगी आली, फुसफुस, एकशे ऐंशी-एकशे दहा. दुसरी, एकशे ऐंशी-एकशे दहा. मला दरदरून घाम! कारण मी गोळ्या घेतोय ना! आणि कोणामुळे घेतोय? ती आली सतरावी, "नमस्कार, हात सैल सोडा." मी सैल सोडला नाही. श्वास कोंडला, दात आवळले, आमच्या शेजाऱ्याची गाडी आठवली, जी तो रोज माझ्या दारात लावतो... काही उपयोग झाला नाही. तिने शांतपणे लिहिलं, एकशे अठ्ठावीस-ब्याऐंशी. वर मला हळूच म्हणते, "मामा, छान उतरलंय!" उतरलंय काय! तूच उतरलीस ना यादीतून!

एक्केचाळीस पास, एक नापास. आता मात्र मी खाटेवरून उठलो, तसाच पायजम्यात प्राचार्यांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "माझं बीपी किती आहे हे माझ्या हाताला विचारा, त्या पाकिटाला काय विचारता!" प्राचार्यांनी हॉस्पिटलमधून डॉक्टर बोलावले. तिथेच मोजलं. आणि आलं किती? एकशे छप्पन्न! अहो, मी चिडलो होतो ना! तीन आकडे झाले. पास झालेल्या एक्केचाळीस जणी दारात उभ्या, मॅडमचा चेहरा पांढरा, आणि भाची म्हणते, "मॅडम, सोपं आहे. प्रत्येक मुलीबरोबर तुम्हीही कानाला लावून मोजा, मग ताळा करा." इतकी साधी गोष्ट! मॅडम म्हणाल्या, "नियमात बसत नाही. उत्तरसूची आठ दिवस आधी सीलबंद व्हावी लागते."

परीक्षा पुन्हा रद्द. तिसरी परवा आहे, अकरा वाजता. आणि प्राचार्यांनी सांगितलंय, ही शेवटची. गेल्या आठवड्यात मॅडमनी मला बोलावून घेतलं. दार लावलं. पेन उघडलं. "हे बघा, या वेळी घोळ नको. तुमचं बीपी त्या दिवशी किती असेल, तेवढं आत्ताच सांगा." मी म्हटलं, "मॅडम, ते मोजायलाच तर परीक्षा आहे!" "ते मला माहीत नाही. आकडा द्या आणि त्या दिवशी तेवढा घेऊन या." घेऊन या! जणू मी स्टोअरमधून काढून आणणार आहे! मी शेवटचं सांगून बघितलं, "मॅडम, मी नुसता आवाज..." पेन तसंच हवेत. मी म्हणालो, लिहा, एकशे चाळीस-नव्वद.

घरी कोणाला काय सांगू? भाचीला सांगून उपयोग नाही, आकडा तिच्या तळहातावर लिहून दिला तरी ती कानाला येईल तेच लिहिणार. मग राहिलं कोण? मी. आता रोज सकाळी ती कॉलेजला गेली की मी आणि बायको मशीन घेऊन जिन्यात. दोन मजले चढलो की एकशे बत्तीस, तीन चढलो की एकशे पन्नास... काल अडीच मजल्यांवर, वळणाच्या पायरीवर बसलो, तर बरोबर एकशे चाळीस-नव्वद! बायको म्हणते, "अहो, हे वेडेपण आहे." आहेच! पण पाकीट सीलबंद झालंय, पोरगी बदलायची नाही, मॅडम बदलायच्या नाहीत... आता बदलायचं तर माझं बीपीच की हो.