बर्फातल्या गायीचं डोहाळजेवण

— नाही वो गजाननभाऊ, डोहाळजेवण सुनेचं नव्हतं! सून कुठून आणू, तुमच्या मुलीचं जमवायलाच तर तुम्ही चांदनीहून आलात ना — गायीचं होतं ते. गल्लीतल्यांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. आणि गाय आमची नाही. बसा, बसा तुम्ही, मावा जिलबी घ्या, गरम आहे तोवर खा — सांगते ना.

आमचा दिगंबर कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम घरूनच करतो, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याला एक नाद. इंटरनेटवर काही भारी सापडलं की रोज सकाळी सगळ्यांना पाठवतो. आधी दोस्तांना पाठवायचा, मग गल्लीच्या ग्रुपवर पाठवायला लागला. एकदा कुठे चमच्यांचं म्युझियम, एकदा कोणी माणूस फक्त ढगांना नावं देतो — मी म्हटलं, याला काय पगार मिळतो रे? — मिळत नाही म्हणे. बरं. मग एक दिवस गाय पाठवली. कुठल्या तरी बर्फाच्या देशातला गोठा, वर कॅमेरा लावलेला, चोवीस तास गाय दिसते. गाभण. बास, एवढंच. ती रवंथ करते, आपण बघायचं. आणि सगळी गल्ली बघून राहिली ना भाऊ! दुकानात गिऱ्हाईक उभं, दुकानदार गाय बघून राहिला. आमचे हे, रिटायर मास्तर, कधी सिनेमा नाही पाहिला आयुष्यात — मोबाइल भिंतीला टेकवून जेवायचे तिच्यासमोर. गोदाबाई म्हणून आहे आमच्या शेजारी, मूळची जैनाबादची, तिनं गायीचं नाव ठेवलं गंगू. सातवा लागला असेल म्हणाली, ओटी भरू या. आता मोबाइलची ओटी कशी भरणार? — भरली. हिरव्या बांगड्या, केळीचा घड, गाणी म्हटली बायांनी. हसू नका, तेव्हा मलाही हसू आलं होतं.

पण एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला — तिकडे रात्र — गोदाबाई ओरडत माझ्याकडे आली, कोकिळा, गंगू अडली गं! पाहिलं तर खरंच, गाय खाली पडलेली, वासराचा एकच पाय बाहेर, मान टाकून राहिली. आणि तिचा मालक? घरात झोपलेला, दुष्ट! आम्ही साऱ्या जणी वर पळालो दिगूच्या खोलीत. तो मीटिंगमध्ये, कानाला ते लावलेलं, परदेशातले मोठे साहेब समोर, आपलं काम त्यांना दाखवून राहिला. पण गायीचं ऐकलं आणि त्याचा चेहराच उतरला भाऊ. तिथंच कंप्युटरवर गोठा उघडला, मालकाचा नंबर शोधला, लावला फोन. मालकानं आपटला. पुन्हा लावला, पुन्हा आपटला — हिंदुस्तानातून फोन, त्याला वाटलं लुटारू. आता काय करायचं? तिसऱ्यांदा गोदाबाईनं फोन हिसकावला — आणि हंबरली. खोटं नाही सांगत. अडलेली गाय जशी हंबरते ना, तशी, डोळे मिटून, अंगातून. चार घरं पलीकडे गल्लीतली कुत्री उठली.  मग बघतो तर काय, कॅमेऱ्यात दार उघडलं, चड्डीवर, बर्फात, फोन कानालाच — धावला मालक! दोरी बांधली, ओढलं, हात घातला, किती वेळ! आणि पडलं वासरू. हललं. दिगू लहान पोरासारखा रडला. मी पण. आणि त्या मीटिंगमधले ते मोठे साहेब, त्यांच्यातली एक बाई, ती पण रडून राहिली होती —

हो ना, त्यांनी पण पाहिलं. कंप्युटरचा पडदा त्यांना दाखवणं बंद करायचं राहूनच गेलं त्याचं. आम्ही सगळ्या, गोदाबाईचं हंबरणं, सगळंच. म्हणून तर दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला की —

जिलबी घ्या ना अजून.

नाही, काढलं नाही... म्हणजे, आराम करा म्हणाले. कायमचा. शोधतोय तो दुसरी नोकरी, हुशार आहे, मिळेल. हे मी सांगणार नव्हते, यांनी बजावलं होतं, पाव्हण्यांपुढे गायीचा विषय काढायचा नाही. पण तुम्ही डोहाळजेवणाचं विचारलं, मग मी काय करू?

उठलात? ... अहो, मुलीचा बाप आहात, तुमचं बरोबर आहे. माझी मुलगी असती तर मी पण उठले असते. पण एक ऐकून जा. मी विचारलं त्याला, दिगू, मीटिंग संपेपर्यंत थांबला असतास तर? तर म्हणतो, आई, तोवर ती मेली असती. एवढंच. नोकरीसाठी कधी रडला नाही. असा मुलगा मीच वाढवला, आणि त्याच घरात मी तुमच्यासमोर मान खाली घालून बसले, अर्धा तास झाला, आता मलाच लाज वाटून राहिली.

नाही, विचार करून कळवतो वगैरे राहू द्या. मुलीची पत्रिका घेऊन जा परत. जोडे तिकडे, ओट्याखाली आहेत तुमचे.