तिसऱ्या पाईपाचं वळण

ठाणे सान व्हेनेरियो, जिल्हा मोदेना. दिनांक १९ मे २०२३, दुपारी १२ वाजून ५० मिनिटे.

मी, नीव्हेस बेर्तोलानी, वय ६३ वर्षे, धंदा गाड्यांचे एक्झॉस्ट हाताने घडवणे, राहणार जुन्या चीज डेअरीच्या मागे, सान व्हेनेरियो, ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. खाली वर्कशॉप, वर घर. माझे पती लेआर्को चार वर्षांपूर्वी वारले. वर्कशॉप आम्ही दोघांनी १९८४ साली काढले. लाकडाचे व लोखंडाचे काम ते करत, पाईपांचे मी. माझ्याविरुद्ध आजवर एकही तक्रार झालेली नाही. व्हाइनेर गान्झेर्ली याने दिली ती पहिली.

दिनांक ६ फेब्रुवारी रोजी गावच्या पशुवैद्य ओरिएले व्हाक्कारी यांनी त्यांची आठ सिलिंडरची जुनी शर्यतीची गाडी माझ्याकडे आणली. त्यांना २१ मेच्या घाटाच्या शर्यतीसाठी नवा एक्झॉस्ट हवा होता. त्या म्हणाल्या, "नीव्हेस, गेल्या वर्षी वरच्या तीन वळणांत गाडीचा दम गेला. या वर्षी तिला श्वास दे." मी म्हटले, "देते, पण मला घाई करायची नाही आणि गाडीखाली वाकून बघायचं नाही." त्यांनी दोन्ही कबूल केले.

कामाची पद्धत विचारल्यावरून सांगते. आमच्याकडे कागदावर काही काढत नाहीत. गाडी चार लाकडी घोड्यांवर, म्हणजे पायांच्या टेकूंवर, चढवायची. इंजिनाच्या एकेका तोंडापासून मागेपर्यंत जाड तार वाकवत न्यायची, डावीकडे चार, उजवीकडे चार. तारेवर पाईपाच्या जाडीच्या लाकडी चकत्या ओवायच्या, म्हणजे पाईप किती जागा खाणार ते दिसते. एका बाजूच्या चारही तारांची लांबी सारखी भरली पाहिजे, नाहीतर इंजिन खोकते. आणि चकतीपासून शेजारच्या वस्तूपर्यंत एक बोट जागा सुटली पाहिजे, कारण पाईप तापतो. बोट कोणाचे, तर जो तार वाकवतो त्याचे. तार पटली की मग तिच्यावरून पाईप. या खोऱ्यात सगळे जुने लोक असेच करत आले. हवालदारांनी विचारले की मोजपट्टी का वापरत नाही. मी सांगितले की मोजपट्टी गाडीखाली हरवते, बोट हरवत नाही.

आता जे सांगते ते मी आज सकाळपर्यंत कोणाला सांगितले नव्हते. ओरिएले यांनाही नाही. सांगताना मला लाज वाटत आहे, तेही लिहावे.

दिनांक १६ फेब्रुवारी रोजी आठही तारा पूर्ण झाल्या. सुरेख झाल्या होत्या. मी गाडी घोड्यांवरून खाली उतरवली आणि तारांचा सांगाडा परत जागेवर लावून बघितला. डावीकडच्या तिसऱ्या तारेला खालच्या अंगाला एक वळण होते, चांगले वीतभर, बाहेर जाऊन परत आत येणारे. ते कशाला चुकवत होते? कशालाच नाही. तिथे निव्वळ हवा होती. मी पाठीवर पडून पाच मिनिटे त्या हवेकडे बघत राहिले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिथे घोडीचा पाय होता! मी तार घोडीच्या पायाला वळसा घालून नेली होती, जणू तो पाय गाडीलाच चिकटून शर्यतीत धावणार आहे. चाळीस वर्षांत अशी चूक केली नव्हती. हातात येईल ते फेकून मारावेसे वाटले. मारले नाही, कारण हातात तीच तार होती.

चारपैकी तीन घोड्यांचे पाय सरळ आहेत, ते कधी आड येत नाहीत. चौथीचा एक पाय तिरका आहे. ती घोडी लेआर्को यांनी व्हिनेगरच्या पिंपाखालच्या जुन्या बैठकीतून केली होती. पाय तिरका बसला आणि मध्यावर फुगीर राहिला, म्हणून त्यांनी वर पिंपाचीच लोखंडी पट्टी ठोकली. तीस वर्षे मी त्यांना त्या पायावरून बोलले. "अहो, दुसरी करा की," म्हणायचे. ते म्हणायचे, "उभी आहे ना? मग तुला काय करायचंय?" इतकेच.

मी डाव्या बाजूच्या चारही तारा मोडीत काढून नव्याने केल्या. त्या एका वळणापायी लांबी जुळवायला बाकीच्या तिघींनाही उगाच वळसे दिले होते, तेही गेले. नव्या तारांवरून जो एक्झॉस्ट केला तोच पुढे ठाण्यात जप्त झाला. त्यात ते वळण नाही. चुकीच्या तारा मी फेकून द्यायला हव्या होत्या. दिल्या नाहीत. खिळ्याला टांगल्या. का, असे ठाणेदार पिरास साहेबांनी विचारले. त्याचे उत्तर जबाबात लिहायची गरज नाही असे मी सांगितले व त्यांनी मानले.

दिनांक ९ मार्च रोजी सकाळी दहाच्या सुमारास व्हाइनेर गान्झेर्ली, वय ४४, माझ्या वर्कशॉपमध्ये आला. त्याचे नवे मोठे वर्कशॉप राज्यमार्गावर आहे. त्याची आई माझी मैत्रीण होती, त्यामुळे तो मला मावशी म्हणतो. त्याच्याकडेही ओरिएले यांच्यासारखीच एक गाडी याच शर्यतीसाठी आली होती, हे त्याने तेव्हा सांगितले नाही. खिळ्यावरच्या तारा बघून तो म्हणाला, "मावशी, हे तर म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे! आमच्या कारागिरांना दाखवतो. त्यांना कॉम्प्युटरशिवाय चमचासुद्धा वाकवता येत नाही. दोन दिवसांत आणून देतो."

माझी स्तुती केली की मी पाघळते. हा माझा दोष आहे, लिहून घ्यावा. मी तारा काढून त्याच्या हातात दिल्या. चुकीच्या आहेत हे सांगितले नाही. सांगितले असते तर का चुकल्या ते सांगावे लागले असते. तारा चार दिवसांनी परत आल्या, सोबत बदामाच्या बिस्किटांचा डबा. तारांवर पांढरी भुकटी होती. मी समजले बिस्किटांचे पीठ सांडले, आणि फडक्याने पुसून टाकली. आता कळले की वस्तूची कॉम्प्युटरमध्ये नक्कल उतरवण्याआधी तिच्यावर तसली भुकटी फवारतात. बिस्किटे चांगली होती.

दिनांक ११ मे रोजी व्हाइनेरने या ठाण्यात तक्रार दिली की, एक्झॉस्टची मूळ कल्पना त्याची, नकाशा जानेवारीतला, आणि मी त्याच्या जुन्या कामगाराकडून तो नकाशा मिळवून नक्कल केली. १६ मे रोजी माझा एक्झॉस्ट जप्त झाला. शर्यतीला पाच दिवस उरले होते. ओरिएले यांची गाडी एक्झॉस्टशिवाय उघडी पडली. बाजारात तीन जणांनी माझ्याशी बोलताना पाव विकणारीकडे बघितले. बेकरीत व्हाइनेर मोठ्याने म्हणाला, "मावशी थकल्या हो. थकलं माणूस दुसऱ्याचं बघून करतं." मी पाव घेतला आणि घरी आले. त्या दिवशी जेवले नाही.

आज सकाळी साडेदहा वाजता ठाणेदार साहेबांनी दोघांना समोरासमोर बोलावले. व्हाइनेरने त्याचा एक्झॉस्ट पुरावा म्हणून आणला होता, चकचकीत, आणि सोबत रंगीत नकाशे. ओरिएले त्यांची गाडी टोईंगच्या गाडीवर घालून घेऊन आल्या. माझ्या चुकीच्या तारा चार दिवस व्हाइनेरकडे होत्या हे आठवून मी सोबत जे आणले होते ते अंगणात कापडाखाली झाकून ठेवले होते.

व्हाइनेरचा एक्झॉस्ट टेबलावर ठेवला तेव्हा मी लांबूनच डाव्या बाजूचा तिसरा पाईप ओळखला. माझे वळण! ते बघून मला हसू आवरेना. हवालदारांनी पाणी दिले.

मी ठाणेदार साहेबांना म्हटले, "साहेब, याला एवढंच विचारा की हा पाईप इथे का वळलाय."

व्हाइनेर म्हणाला, "ब्रेकची नळी चुकवायला. साधी गोष्ट आहे."

सगळे अंगणात गेलो. ठाणेदार साहेब टोपी काढून, बॅटरी घेऊन स्वतः गाडीखाली शिरले. ओरिएले यांनी बोटाने दाखवले, "ब्रेकची नळी उजवीकडून जाते, साहेब. इथे काही नाही." साहेब बाहेर आले. गुडघे झटकले आणि व्हाइनेरकडे बघितले.

व्हाइनेर म्हणाला, "तसं नाही, त्या वळणाने आवाज गोड होतो."

मी म्हटले, "मग उजव्या बाजूने तुझं काय घोडं मारलं होतं? तिकडे का नाही गोड केलास?"

तो म्हणाला, "मावशी, हे गणित आहे. ते तुम्हाला समजणार नाही."

माझा संताप झाला. मी कापड ओढले. खाली लेआर्कोंची घोडी होती. व्हाइनेर हसला आणि म्हणाला, "आता ह्या मोडक्या लाकडाची साक्ष काढणार का?" मी म्हटले, "हो. लाकूड खोटं बोलत नाही आणि कॉम्प्युटरला माझी चूक कळत नाही."

मग मी सगळ्यांसमोर सांगितले. ओरिएले होत्या, तीन पोलीस होते, टोईंगवाला होता, आणि फाटकाबाहेर बाजाराला निघालेल्या चार बायका उभ्या होत्या. मी मोठ्याने सांगितले की, मी, नीव्हेस बेर्तोलानी, फेब्रुवारीत घोडीच्या पायाला गाडी समजून तार वाकवली. बायकांपैकी कोणीतरी "अगं बाई!" म्हणाले. माझे कान तापले, पण मी थांबले नाही.

दोन हवालदारांनी व्हाइनेरचा एक्झॉस्ट आतून आणून घोड्यांवरच्या गाडीच्या उंचीवर धरला. मी घोडी त्याखाली सरकवली आणि तिरका पाय त्या वळणात नेला. पाय बसला. पाय जिथे झुकतो तिथे पाईप झुकत होता. पाय जिथे फुगतो, पिंपाच्या पट्टीशी, तिथे पाईप फुगवट्याला मान देऊन बाहेर जात होता आणि खाली परत आत येत होता. मग मी पाय आणि पाईप यांच्यामध्ये माझे उजवे बोट घातले आणि वरून खालपर्यंत ओढत नेले. कुठे अडकले नाही, कुठे सैल पडले नाही. ठाणेदार साहेबांनी त्यांचे बोट घालून बघितले, ते जाड आहे, शिरले नाही. व्हाइनेरला घालायला सांगितले. त्याने हात खिशातून काढला नाही.

साहेब त्याला म्हणाले, "तुमचा नकाशा जानेवारीतला आहे. मग जानेवारीत तुमच्या वर्कशॉपमध्ये या बाईंच्या नवऱ्याची घोडी काय करत होती?"

व्हाइनेर नकाशे गुंडाळू लागला. फाटकाबाहेरच्या बायका मात्र बोलल्या. त्यांचे बोलणे मला आठवते, पण ते जबाबात शोभणार नाही. टोईंगवाल्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग ओरिएले यांनी, मग एका हवालदारानेही दोनदा वाजवल्या आणि साहेबांकडे बघून थांबवल्या. मी घोडीवर हात ठेवून उभी होते. मला रडू आले. ते आनंदाचे होते, तसेच लिहावे. एवढा आनंद मला चार वर्षांत झाला नव्हता.

सव्वाबारा वाजता व्हाइनेर गान्झेर्ली याने नकाशावरील तारीख मागाहून घातल्याचे व तक्रार खोटी असल्याचे साहेबांसमोर कबूल केले. त्याच्यावर पुढे काय कारवाई करायची ते कायद्याने ठरवावे. माझे म्हणणे एवढेच, की त्याने तो एक्झॉस्ट शर्यतीला खुशाल लावावा. वीतभर जास्तीचा पाईप आणि घोडीची जागा घेऊन घाट चढून दाखवावा.

माझा एक्झॉस्ट मला १२ वाजून ४० मिनिटांनी परत मिळाला. त्याला ओरखडा नाही. तो आज दुपारी जेवणाआधी गाडीला बसेल. रविवारी ओरिएले यांच्या गाडीला वरच्या तीन वळणांत दम लागणार नाही, याची हमी मी देते. ही हमी जबाबात घेता येत नाही असे हवालदार म्हणाले. घ्यावी, असे मी म्हटले.

वरील मजकूर मी सांगितला तसा हवालदारांनी टंकलेला असून तो मला मोठ्याने वाचून दाखवला. तो खरा व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, एक शब्द सोडून. घोडीचे वर्णन त्यांनी "सदोष पाय असलेली लाकडी घोडी" असे केले होते. "सदोष" हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला आहे व खोडलेल्या जागी माझी सही आहे.

नीव्हेस बेर्तोलानी