फितुराचा चेहरा

(संकलनाची खोली. पडद्यावर चालू असलेला सिनेमा नुकताच थांबवला आहे.)

मुलगा : आई, उठतेस कुठे? शेवट राहिलाय अजून.

आई : बंद कर ते. बोटीवरचा सिनेमा करतोय म्हणालास. खलाशांच्या त्या बंडाचा आहे हे बोलला नाहीस.

मुलगा : तुला चकित करायचं होतं. त्या बंडावरचे आधीचे दोन्ही सिनेमे तू आम्हाला कधी बघू दिले नाहीस, म्हटलं, निदान माझा तरी बघशील.

आई : आणि त्या तारायंत्रवाल्याचं काम तू का केलंस? सगळं सोडून तेच?

मुलगा : नट आयत्या वेळी आजारी पडला. फितुराचंच तर काम, चार प्रसंग. म्हटलं, मीच उरकून टाकतो.

संकलक : काकू, सरांनी काम मात्र झकास केलंय. त्यांना समुद्रात फेकतात तिथे लोक शिट्ट्या मारतील बघा.

आई : मारतील गं. मी ऐकल्यात त्या शिट्ट्या. पहिल्या सिनेमाला बाबा मला घेऊन गेले होते. नऊ वर्षांची असेन. त्यात त्याला डोलकाठीला फाशी देतात. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. बाबाही वाजवत होते.

मुलगा : मग त्यात काय?

आई : तो तारायंत्रवाला म्हणजे बाबाच.

मुलगा : काय बोलतेस? आजोबा? घड्याळं दुरुस्त करणारे आपले आजोबा?

आई : घड्याळं नंतर. गाव सोडलं, आडनाव बदललं, मग दुकान टाकलं. मिशी लावून तू पडद्यावर आलास ना, मला बाबाच दिसले. हुबेहूब तेच. आणि माझ्याच पोराला धरून पाण्यात फेकतायत.

संकलक : दिवा लावू का, काकू? पाणी देते थोडं.

आई : राहू दे गं. बरी आहे मी.

मुलगा : पण फासावर नाही, पाण्यात नाही... म्हणजे त्यांना कुणी मारलंच नाही?

आई : मारायला तेव्हा बोटीवर माहीत कुणाला होतं? बाहेर फुटलं तोवर बाबांनी गाव सोडलं होतं. बढतीसाठी केलं, हेही सिनेमावाल्यांनीच घुसडलं.

मुलगा : थांब, आई. त्यांनी निरोप पाठवला, हे खरं की खोटं?

आई : खरं.

मुलगा : अगं, पाच पोरांना गोळ्या घातल्या त्यामुळे!

आई : मला सांगतोस? किनाऱ्यावरच्या तोफा बोटीवर रोखलेल्या होत्या. वरून निरोप आला, पुढारी कोण ते कळवा, शरण या, कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. साहेबाने तसा शब्द दिला. बाबांनी विश्वास ठेवला आणि पाच नावं कळवली. दुसऱ्या दिवशी त्याच पाच जणांना भिंतीपाशी उभं केलं.

मुलगा : आणि तरी टाळ्या वाजवल्या त्यांनी? स्वतःच्या फाशीला?

आई : घरी आल्यावर मीही हेच विचारलं. फितूर कोण ते तेव्हा मला कुठे माहीत होतं? मी आपली विचारतेय, वाईट माणूस मेला म्हणून वाजवल्या का? तर हो म्हणाले. मोठी झाल्यावर आईने खरं सांगितलं, तेव्हा त्या ‘हो’चा अर्थ लागला.

मुलगा : आजोबांच्या मांडीवर बसून मी घड्याळाचे काटे फिरवलेत, आई.

संकलक : सर, फेकण्याचा प्रसंग काढून टाकू? अजून वेळ आहे आपल्याकडे.

मुलगा : काढ. खोटाच आहे तो. घडलंच नाही तसं.

आई : तुझा सिनेमा, तू ठरव. त्यांना चांगलं दाखव असं मी म्हणणार नाही. त्या पाचांच्या घरचेही बघतील हा सिनेमा. पण निरोप पाठवताना तू हसतोस ना, गालातल्या गालात, तेवढं करू नकोस.

मुलगा : पुन्हा करतो तो प्रसंग. पण काय दाखवू चेहऱ्यावर? लाज? भीती?

आई : त्या घटकेला कसली लाज? हायसं वाटलं असेल रे त्यांना. पोरं वाचली, असंच वाटत होतं ना.