आतली कडी

रात्रपाळी संपवून नर्सबाई थेट जुन्या सामानाच्या दुकानात आल्या होत्या. हातात स्टूल धरून त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे मायलेक होते. लेकाने एक जुनं लाकडी दार कवटाळलं होतं, आणि आईचा चेहरा नुसता फुलला होता.

“आई, दोन ड्रमांवर हे आडवं टाकलं की तुझं ऑफिसचं टेबल तयार! सोमवारपासून घरबसल्या फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायला तू मोकळी!”

“टेबल कशाला? शिलाई मशीन आहे की. झाकण लावलं की वर कॉम्प्युटर मावतो. मी मापून बघितलंय.”

“मग दाराचं काय करायचं?”

“दाराचं काय करतात? लावायचं. अडगळीच्या खोलीला.”

“तिथे पडदा आहे ना!”

“पडद्याचं कौतुक मला नको सांगूस. काल तिथेच बसून व्हिडिओवर मुलाखत दिली ना, मॅडम विचारतायत, चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलाल? तेवढ्यात पडदा सारून तुझे बाबा आत! ‘अगं, माझे मोजे कुठायत?’”

“अरे देवा! मग?”

“मग काय! म्हटलं, ‘कपाटाचा खालचा कप्पा, डावीकडे. आणखी काही मदत हवी आहे का?’ मॅडमची हसून हसून मुरकुंडी वळली. तिथल्या तिथे घेतलं मला!”

“म्हणजे नोकरी बाबांमुळे लागली!”

“लागली त्यांच्यामुळे. टिकवायची मला आहे. उचल दार.”

“बरं, कडी कुठल्या बाजूला बसवू?”

“आतल्या.”

मायलेक दार सांभाळत बाहेर पडले.

“बोला ताई, स्टूल ना?” दुकानदाराने विचारलं.

नर्सबाईंनी जांभई आवरत स्टूल खाली ठेवलं.

“दादा, असलं आणखी एक दार आहे का?”